शेजारची खुर्ची



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांकडे मी शाळेत गणित शिकलो. गणित चुकलं तर सर खालचं उत्तर खोडत नसत. ज्या पायरीवर पाय घसरला तिथे तांबड्या शाईचं एक टिंब देत आणि वही परत करत. ते टिंब बहुतेक वेळा शेवटच्या ओळीच्या बरंच वर असे. आज मी ज्या चुकांविषयी बोलणार आहे, त्यांच्या बाबतीत जगाची सवय उलटी आहे. शेवटच्या ओळीवर काट मारायची आणि ती लिहिणाऱ्याला वर्गाबाहेर उभं करायचं.

मी हवाई वाहतूक नियंत्रक होतो. आमच्या नात्यागोत्यात अजूनही काही जणांचा समज असा आहे, की मी विमानतळावर दोन्ही हातांत केशरी दांडकी घेऊन विमानं उभी करत असे. ते काम वेगळं आणि ते करणारी माणसंही वेगळी. नियंत्रकांतले काही काचेच्या टॉवरमध्ये बसून धावपट्टी सांभाळतात, पण बरेचसे बिनखिडकीच्या, अंधारलेल्या खोलीत रडारसमोर बसतात. कानाला हेडसेट. प्रत्येकाच्या वाट्याला आकाशाचा एक तुकडा, त्याला आम्ही सेक्टर म्हणतो. त्या तुकड्यातल्या सगळ्या विमानांशी एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलायचं, आणि दोन विमानांमध्ये उभं अंतर निदान १००० फूट ठेवायचं. ते जमत नसेल तर आडवं अंतर राखायचं, साधारणपणे ५ सागरी मैल, विमानतळाजवळ ३. पाच मैल ऐकायला पुष्कळ वाटतात. समोरासमोरून येणारी दोन जेट विमानं हे अंतर वीस सेकंदांत संपवतात.

बोलायचं म्हणजे तरी काय? आकडे. उंची, दिशा, वेग, फ्रिक्वेन्सी. आपण दिलेली सूचना वैमानिकाने परत म्हणून दाखवायची, याला रीडबॅक म्हणतात, आणि ते आपण कान देऊन ऐकायचं. या शेवटच्या भागाकडे बाहेरच्या माणसाचं लक्ष जात नाही. सूचना देणं सोपं असतं. पण तीच सूचना परत येताना बरोबर आली का, हे ऐकताना मन पुढच्या विमानाकडे धावत असतं, आणि आपल्याला जे ऐकायचं असतं तेच ऐकू येतं. चुकीचा आकडा परत आला तरी कान त्याला बरोबर करून घेतो. ही कुणा एकाची खोड नाही, माणसाच्या कानाची घडणच तशी आहे.

आता कामाचा ताण. लोक विचारतात, एका वेळी किती विमानं सांभाळता? प्रश्न रास्त आहे, पण आकड्यावरून फारसं कळत नाही. एकाच वाटेने, एकामागून एक, सारख्या वेगाने जाणारी पंधरा विमानं म्हणजे आरामाची पाळी. वर चढणारी दोन, खाली येणारी दोन, मध्ये ढगांचा गडगडाट, आणि त्यातल्या एकाला इंग्रजी नीट कळत नाही, ही पाच विमानं घाम काढतात. फ्रान्समध्ये जाँ-क्लोद स्पेरांदियो या संशोधकाने १९७०च्या दशकात नियंत्रकांच्या कामाचा बारकाईने अभ्यास केला. त्याला दिसलं ते असं: गर्दी वाढली की चांगला नियंत्रक काम करण्याची पद्धतच बदलतो. गर्दी कमी असताना तो प्रत्येक विमानाचा वेग, प्रकार, सोयीची वाट यांचा विचार करून त्याला खास वागणूक देतो. गर्दी वाढली की हे लाड बंद. सगळ्यांना ठरलेली वाट, ठरलेली उंची, आणि डोक्यात प्रत्येक विमानाविषयी लागेल तेवढीच माहिती. म्हणजे ताण बाहेरून येऊन नुसता अंगावर पडत नाही. माणूस आपलं काम हलकं करून तो वाटून घेतो. हे कसब जोवर चालतं तोवर बाहेरून बघणाऱ्याला सगळं सुरळीतच दिसतं. किती ओढाताण चालू आहे, ते पडद्यावर उमटत नाही.

आणि उलट बाजूही आहे, ती मला जास्त धोक्याची वाटते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या रडारवर बसणारे लोक पाणबुड्या शोधता शोधता पाळीच्या उत्तरार्धात त्या नजरेआड करू लागले. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने यावर प्रयोग रचला. घड्याळासारख्या तबकडीवर एक काटा टिकटिक पुढे सरकतो आणि क्वचित कधीतरी एकदम दोन घरं उडी मारतो. ती उडी पकडायची, बस्स. १९४८मध्ये छापलेले त्याचे निष्कर्ष सांगतात, की पहिल्या अर्ध्या तासातच माणसाची नजर ढिली पडते. काहीच घडत नसताना लक्ष ठेवणं हे माणसाला न जमणारं काम आहे. तीन वर्षांनी, १९५१मध्ये, अमेरिकेत पॉल फिट्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हवाई नियंत्रणाचं काम माणूस आणि यंत्र यांच्यात कसं वाटावं यावर अहवाल लिहिला. त्यांनीही नजर ठेवण्याच्या कामात माणसाला कच्चाच ठरवला. तरीही आपण सत्तर वर्षं माणसाला अधिकाधिक नजर ठेवायला बसवत आलो आहोत. यंत्र काम करतं, माणूस यंत्राकडे बघतो. विज्ञानाने सांगितलेलं इतक्या निवांतपणे बाजूला ठेवण्याची ही काही एकच जागा नाही म्हणा.

आमच्या धंद्यात म्हणूनच रात्रीची, विरळ वाहतुकीची वेळ बदनाम आहे. अशाच एका रात्रीची हकिकत मला आज सविस्तर सांगायची आहे. ती सांगताना त्या नियंत्रकाचं नाव मी घेणार नाही. ते शोधणाऱ्याला सापडेल.

१ जुलै २००२. स्वित्झर्लंडमधलं झुरिकचं नियंत्रण केंद्र. स्कायगाइड ही तिथली हवाई नियंत्रण संस्था जर्मनीच्या दक्षिण टोकावरचं काही आकाशही सांभाळते. रात्रपाळीला दोन नियंत्रक. वाहतूक ओसरली की एकाने विश्रांतीच्या खोलीत जायचं आणि दुसऱ्याने एकट्याने काम बघायचं, हा तिथला वर्षानुवर्षांचा रिवाज. कागदावर तो बसत नव्हता, वरिष्ठांना माहीत होता, कुणी हरकत घेतली नव्हती. आपल्याकडच्या कुठल्याही कचेरीत बसलेल्या माणसाला हे वाक्य परकं वाटणार नाही.

त्या रात्री तंत्रज्ञ रडारयंत्रणेची दुरुस्ती करायला आले होते. त्यामुळे दोन विमानं जवळ येऊ लागली की पडद्यावर दिसणारा इशारा बंद होता, आणि तो बंद आहे हे नियंत्रकांना ठाऊक नव्हतं. शेजारच्या केंद्रांशी बोलायची मुख्य फोनयंत्रणाही त्याच कामासाठी बंद ठेवली होती. पर्यायी लाइन होती, ती बिघडलेली निघाली.

इतकं असूनही ती रात्र निभावली असती. पण फ्रीड्रिक्सहाफेन या छोट्या विमानतळावर एक एअरबस उशिरा उतरायला आली. तिला खाली आणायचं काम वेगळ्या टेबलवरचं, वेगळ्या फ्रिक्वेन्सीवरचं, वेगळ्या पडद्यावरचं. खोलीत नियंत्रक एकच. तो एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर जात राहिला. एअरबस फ्रीड्रिक्सहाफेनच्या टॉवरकडे सोपवली की एक काम डोक्यावरून उतरणार होतं, म्हणून तो फोन लावत होता. लागत नव्हता. पुन्हा लावत होता.

वरच्या आकाशात, ३६,००० फुटांवर, दोन विमानं एकमेकांच्या वाटेवर येत होती. एक बश्किरियन एअरलाइन्सचं तुपोलेव, मॉस्कोहून बार्सिलोनाकडे. आत ६९ माणसं, त्यांत ४५ शाळकरी मुलं, बहुतेक उफा शहरातली, सुट्टीला निघालेली. दुसरं डीएचएलचं मालवाहू बोइंग, इटलीतल्या बेर्गामोहून ब्रसेल्सकडे, आत दोन वैमानिक.

शेजारच्या जर्मन केंद्रात, कार्ल्सरूहमध्ये, ही होऊ घातलेली टक्कर पडद्यावर दिसली. तिथल्या नियंत्रकाने झुरिकला फोन लावला. अकरा वेळा प्रयत्न झाला, फोन लागला नाही. विमानं त्याच्या ताब्यातली नव्हती, त्यामुळे नियमाप्रमाणे त्याला त्यांच्याशी थेट बोलता येत नव्हतं. जो बघू शकत होता तो बोलू शकत नव्हता.

झुरिकच्या नियंत्रकाला धोका दिसला तेव्हा ४३ सेकंद उरली होती. त्याने तुपोलेवला सांगितलं, खाली या, लवकर. पुढच्या काही सेकंदांत दोन्ही विमानांतली टक्करविरोधी यंत्रणा, टीकॅस, जागी झाली. ही यंत्रणा दोन विमानांत आपापसांत बोलून ठरवते, एकाला वर पाठवते, दुसऱ्याला खाली. तिने तुपोलेवला सांगितलं, वर जा. बोइंगला सांगितलं, खाली जा. तुपोलेवच्या कॉकपिटमध्ये क्षणभर दुमत झालं. मग त्यांनी जमिनीवरच्या माणसाचं ऐकलं. बोइंगने यंत्राचं ऐकलं. दोघेही खाली जाऊ लागले. बोइंगच्या वैमानिकाने आपण टीकॅसप्रमाणे उतरत असल्याचं रेडिओवर सांगितलं तोवर नियंत्रक पुन्हा एअरबसकडे वळला होता, त्याच्या दृष्टीने प्रश्न सुटला होता. ऐकू येणारा इशारा टक्करीच्या ३२ सेकंद आधी वाजला. कुणी ऐकला नाही. रात्री ११ वाजून ३५ मिनिटांनी, सुमारे ३४,९०० फुटांवर, कॉन्स्टन्स सरोवराकाठच्या यूबरलिंगेन गावावर विमानं धडकली. ७१ माणसं गेली.

जर्मनीच्या अपघात तपास विभागाचा अहवाल मे २००४मध्ये आला. तो वाचण्यासारखा आहे, कारण त्यात दोन थर आहेत. पहिल्या थरात लगेचची कारणं: नियंत्रकाला धोका वेळेत दिसला नाही, आणि तुपोलेवच्या वैमानिकांनी यंत्राच्या उलट सूचना पाळली. दुसऱ्या थरात व्यवस्थेतली कारणं. यंत्र आणि माणूस यांचं म्हणणं वेगळं पडलं तर कुणाचं ऐकायचं, याबाबत जगभरच्या नियमांत आणि पुस्तिकांत एकवाक्यता नव्हती. आणि रात्री सगळी चालू टेबलं सतत भरलेली राहतील हे झुरिकच्या व्यवस्थापनाने पाहिलं नाही. एकट्याने काम करण्याचा रिवाज वर्षानुवर्षं चालू दिला.

हे दुसरं कारण माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा आहे. त्या नियंत्रकाकडे त्या वेळी विमानं किती होती? दोन टेबलांवर मिळून मूठभर. कुठल्याही दुपारी याच्या कितीतरी पट वाहतूक तो सांभाळत असे. त्याच्यावरचा ताण विमानांच्या संख्येचा नव्हता. शेजारच्या खुर्चीत बसून 'अरे, वर बघ' म्हणणारं कुणी नव्हतं, फोन लावण्याचं फुटकळ काम दुसऱ्याकडे देता येत नव्हतं. नियंत्रकाचं काम दोघांच्या मिळून एका डोक्याने चालतं. त्यातलं अर्धं डोकं उठून गेलं तर उरलेल्या अर्ध्यावर काम निम्म्याने नाही, कित्येक पटींनी वाढतं.

शेजारची खुर्ची रिकामी होते ती क्वचितच कुणाच्या दुष्टपणाने. झुरिकला ती सहकाऱ्यावरच्या मायेने रिकामी झाली. रात्रभर जागण्यापेक्षा पाळीपाळीने झोपावं, यात कुणाला काय वावगं वाटणार? त्याच्या सुमारे सव्वीस वर्षं आधी, सध्याच्या क्रोएशियातल्या झाग्रेबमध्ये ती वेगळ्याच कारणाने रिकामी झाली होती.

१० सप्टेंबर १९७६. झाग्रेबचं केंद्र तेव्हा युरोपातल्या सर्वांत गजबजलेल्यांपैकी एक, आणि माणसांची टंचाई कायमची. वरच्या सेक्टरचा नियंत्रक होता ग्रादिमिर तासिच. याचं नाव घेतो, कारण ते न्यायालयाच्या निकालात आहे. बदलीला यायचा सहकारी वेळेवर आला नाही. त्याला शोधायला शेजारच्या खुर्चीतला सहायक उठून गेला. तासिच एकटा, आणि त्याच मिनिटांत खालच्या सेक्टरमधून स्प्लिटहून निघालेलं एक डीसी-९ वर चढत त्याच्या आकाशात आलं. समोरून लंडनहून इस्तंबूलला जाणारं ब्रिटिश एअरवेजचं ट्रायडंट ३३,००० फुटांवर. धोका लक्षात आल्यावर तासिचच्या तोंडून डीसी-९ला सूचना गेली ती इंग्रजीत नव्हे, स्वतःच्या भाषेत. घाबरल्यावर माणूस मातृभाषेत बोलतो. ट्रायडंटच्या वैमानिकांना त्यातलं काही कळणं शक्य नव्हतं. शिवाय त्या सूचनेने डीसी-९ नेमकं नको त्या उंचीवर थांबलं. १७६ माणसं गेली. खटल्यात इतर सगळे सुटले, तासिचला सात वर्षं. जगभरच्या नियंत्रकांनी त्याच्यासाठी आवाज उठवला आणि दोनेक वर्षांनी तो बाहेर आला.

शाळेतल्या त्या तांबड्या टिंबाचं इथे काय? ते तासिचच्या शेवटच्या वाक्यावर पडावं, की वेळेवर न आलेल्या माणसावर, की अपुऱ्या माणसांचं वेळापत्रक आखणाऱ्या टेबलावर? न्यायालयाने त्याचं उत्तर दिलं. मला ते पटलेलं नाही.

याच प्रश्नाचं वेगळं उत्तर अमेरिकेत मिळालं. १ फेब्रुवारी १९९१ला लॉस एंजेलिसला टॉवरमधल्या नियंत्रक बाईंनी एक लहान स्कायवेस्ट विमान धावपट्टीवर मध्येच आणून उभं केलं, उड्डाणाची वाट बघायला. मग दुसऱ्याच एका विमानाशी संपर्क तुटला, एका विमानाची कागदी पट्टी, आम्ही तिला स्ट्रिप म्हणतो, हाताशी आली नाही, त्या गोंधळात उभं केलेलं विमान मनातून निसटलं. त्याच धावपट्टीवर त्यांनी एका बोइंगला उतरायला सांगितलं. संध्याकाळची वेळ, दिव्यांच्या गर्दीत लहान विमान दिसेना, जमिनीवरचं रडार बंद. ३५ मृत्यू. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने जे प्रमुख कारण नोंदवलं ते मी नव्या मुलांना वाचून दाखवत असे. बाईंच्या विस्मरणाआधी त्यांनी टॉवरच्या व्यवस्थापनाला जबाबदार धरलं, एकाची चूक दुसऱ्याने पकडावी अशी कार्यपद्धती त्यांनी ठेवली नाही म्हणून. चूक होणारच, हे गृहीत धरून लिहिलेलं वाक्य आहे ते.

आता माझ्याच म्हणण्याला छेद देणारं उदाहरण. झुरिकच्या १७ महिने आधी, ३१ जानेवारी २००१ला, जपानमध्ये शिकाऊ नियंत्रकाने जपान एअरलाइन्सच्या दोन विमानांचे क्रमांक अदलाबदल केले. ज्याला खाली जायला सांगायचं त्याऐवजी दुसऱ्याला सांगितलं. तिथेही टीकॅस एक सांगत होतं आणि माणूस दुसरं, तिथेही वैमानिकाने माणसाचं ऐकलं. दोन्ही विमानांत मिळून ६७७ जण होते. समोर विमान बघून अखेरच्या क्षणी वैमानिकाने चकवलं म्हणून टक्कर टळली. आत शंभरेक जण जखमी झाले. त्या दिवशी शेजारची खुर्ची रिकामी नव्हती. तिच्यात प्रशिक्षक बसलेल्या होत्या, आणि त्यांच्याही लक्षात आलं नाही. तेव्हा खुर्चीत माणूस बसवला की झालं, असं माझं म्हणणं नाही. त्या माणसाला काय बघायचं ते ठाऊक हवं, आणि बघण्याइतकी उसंतही हवी. पण या घटनेतून आणखी एक गोष्ट दिसते, ती मला जास्त अस्वस्थ करते. यंत्र आणि माणूस यांच्यात कुणाचं ऐकायचं, हा प्रश्न जगासमोर जानेवारी २००१मध्येच येऊन उभा राहिला होता. यंत्राची सूचना आली की तीच पाळायची, मग नियंत्रक काही म्हणो, हे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांत निःसंदिग्ध शब्दांत उतरलं ते २००३च्या अखेरीस. मधल्या काळात यूबरलिंगेन घडून गेलं होतं.

आपल्याकडचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. १२ नोव्हेंबर १९९६, हरियाणातलं चरखी दादरी. दिल्लीहून निघालेलं सौदी बोइंग ७४७ आणि दिल्लीला येणारं कझाकस्तानचं इल्युशिन, ३४९ मृत्यू, हवेतल्या हवेत झालेल्या टक्करींमध्ये जगातली सर्वांत मोठी. यात दिल्लीच्या नियंत्रकाची चूक नव्हती, आणि न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीनेही बोट कझाक विमानाकडे दाखवलं. त्याला १५,००० फुटांवर राहायला सांगितलं होतं, ते खाली आलं. नियंत्रकाने त्याला समोरच्या सौदी विमानाची आगाऊ कल्पना दिली होती. मग मी हे उदाहरण का घेतो? कारण नियंत्रकाने अचूक काम केलं तरी त्याच्या हातात काय होतं ते पाहा. दिल्लीचं तेव्हाचं रडार विमान कुठे आहे ते दाखवायचं, किती उंचीवर आहे ते दाखवत नव्हतं. उंची वैमानिक सांगेल ती. आसपासचं बरंचसं आकाश लष्कराकडे असल्यामुळे येणारी आणि जाणारी विमानं एकाच अरुंद वाटेवर. ज्याला तिसरी मिती दिसत नाही त्याच्यावर तिसऱ्या मितीत अंतर राखण्याची जबाबदारी. ताण म्हणतात तो असाही असतो, बाहेरून जराही न दिसणारा. नवं रडार बसवण्याचं काम तेव्हा चालू होतं. अपघातानंतर भारतात टीकॅस सक्तीचं झालं.

शिक्षेचा विषय निघाला आहे तर तो पुरता बोलून घेऊ. यूबरलिंगेनच्या त्या नियंत्रकाला कोर्टात उभं राहावं लागलंच नाही. २४ फेब्रुवारी २००४ला, अहवाल यायच्या तीन महिने आधी, त्या अपघातात पत्नी आणि दोन मुलं गमावलेल्या एका बापाने त्याच्या घराच्या दारात त्याला भोसकून मारलं. त्या बापाविषयी मी काही बोलायला धजत नाही. पण इतकं नक्की, की त्याच्यापर्यंत एकच नाव पोहोचलं होतं. २००७मध्ये स्विस न्यायालयाने स्कायगाइडच्या चार जणांना निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूंसाठी दोषी धरलं, त्यांत तिघे व्यवस्थापक. ही नावं आज कुणाला आठवत नाहीत.

याउलट एक गोष्ट अमेरिकेने केली ती शिकण्यासारखी आहे. १ डिसेंबर १९७४ला टीडब्ल्यूए या विमान कंपनीचं एक विमान वॉशिंग्टनजवळच्या डोंगरावर आदळलं, ९२ जण गेले. वैमानिकांचा आणि नियंत्रकांचा एका परवानगीच्या अर्थाबद्दल गैरसमज झाला होता. चौकशीत उघड झालं, की काही आठवड्यांपूर्वी युनायटेड एअरलाइन्सचं विमान त्याच गैरसमजातून त्याच डोंगरावरून थोडक्यात वाचलं होतं. युनायटेडने आपल्या वैमानिकांना सावध केलं होतं. टीडब्ल्यूएला सांगायची सोयच नव्हती. त्यातून १९७६मध्ये गोपनीय कबुल्यांची यंत्रणा उभी राहिली. ती चालवायला दिली नासाला, म्हणजे शिक्षा करण्याचा अधिकार नसलेल्या संस्थेला. वैमानिक, नियंत्रक, कुणीही आपली चूक कळवायची. मुद्दाम केलेला गुन्हा नसेल तर तिच्याबद्दल दंड होत नाही. आजवर वीस लाखांच्या आसपास कबुल्या जमा झाल्या आहेत. चुकांचं इतकं मोठं आणि इतकं उपयोगी ग्रंथालय दुसरीकडे सापडणार नाही.

आणि ज्या देशाने यूबरलिंगेन पाहिलं, त्या स्वित्झर्लंडनेच याच्या उलट पाऊल टाकलं. २०१३मध्ये तिथे दोन विमानं धोक्याइतकी जवळ आली. कुणाला खरचटलंही नाही. तरी नियंत्रकावर फौजदारी खटला झाला, आणि देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवला. पुढच्या पाळीला बसणाऱ्याने आपली चूक आपण होऊन लिहून द्यायची की नाही, याचा विचार करून पाहा.

मुंबईबद्दल बोलल्याशिवाय इथून कुणी मला जाऊ देणार नाही. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या तासाला तिच्यावर ४५च्या आसपास उड्डाणं आणि उतरणी होतात, म्हणजे दर ८० सेकंदांना एक. जगात एका धावपट्टीकडून इतकं काम करून घेणारी ठिकाणं बोटांवर मोजण्याइतकी. याचा आपल्याला अभिमान वाटतो, वाटावाही. पण ८ जून २०२४ला त्याच धावपट्टीवर एअर इंडियाचं विमान जमीन सोडत असतानाच मागून इंडिगोचं विमान उतरलं. चित्रफीत घरोघरी पोहोचली. लगोलग बातमी आली, की संबंधित नियंत्रकाला ड्यूटीवरून बाजूला केलं. चौकशी होईपर्यंत हे करणं रीतसर आहे, त्यात गैर काही नाही. मी मात्र दुसरंच शोधत होतो: त्या तासाला त्या टेबलावर किती जण होते, पाळी कितवी होती, आधी विश्रांती किती झाली होती. पहिल्या बातमीत यातलं काही नव्हतं. आपल्याकडे नियंत्रकांच्या सलग ड्यूटीच्या आणि विश्रांतीच्या मर्यादा नियमांत लिहिल्या गेल्या, त्यालाही फार वर्षं झालेली नाहीत.

२५ डिसेंबर २०२५ला नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला. जमिनीवरची गर्दी वाटली गेली. आकाश मात्र तेच आहे, आणि त्यात आता दोन विमानतळांच्या वाटा एकमेकींजवळून न्यायच्या आहेत. प्रत्येक वाट म्हणजे टेबलं, फ्रिक्वेन्सी, आणि दोन टेबलांमधलं बोलणं. धावपट्टी ठेकेदार बांधतो. रडारवर एकट्याने बसू देण्याइतका नियंत्रक घडायला प्रशिक्षण, मग एकेका टेबलाची परीक्षा, मग जुन्या माणसाच्या शेजारी महिनोन्महिने बसणं, हे सगळं लागतं. शिकवणारेही पाळीवरच्याच माणसांतून काढावे लागतात, म्हणजे घाईने माणसं तयार करायला गेलं की आहे ती टेबलं आणखी ओस पडतात. फेब्रुवारी २०२३मध्ये एअर इंडियाने ४७० विमानांची खरेदी जाहीर केली, जूनमध्ये इंडिगोने ५०० विमानांची. दोन्ही बातम्या पहिल्या पानावर होत्या. नियंत्रकांच्या भरतीची जाहिरात आतल्या पानावर येते, टेंडर नोटिसांच्या शेजारी, आणि तिच्यात किती जागा आहेत यापेक्षा गेल्या भरतीतल्या किती अजून रिकाम्या आहेत हे विचारायची सवय आपल्या वर्तमानपत्रांना लागलेली नाही.

संयोजकांनी पंधरा मिनिटं प्रश्नांसाठी राखून ठेवली आहेत, तेव्हा इथे थांबतो. ज्यांना नुसतं विमान उशिरा का सुटतं हे विचारायचं आहे, त्यांनीही हात वर करायला हरकत नाही.